देठांची दोन पोती आणि ढगातली मी

भुताखेतांच्या गोष्टींची मला कधी भीती वाटली नाही, कंटाळा मात्र फार आला. आमच्या सारंगखेड्यात तापीच्या काठच्या प्रत्येक चिंचेवर लोकांनी कुणी ना कुणी बसवून ठेवलेलं होतं. मी त्याच झाडांखाली भर दुपारी चिंचा वेचल्या, मला कधी कुणी साधं हटकलंसुद्धा नाही. त्यामुळे या ग्रुपवरचे तुमचे अनुभव नात वाचून दाखवते तेव्हा निम्म्या वेळेला मी म्हणते — अगं, मांजर असेल!

तर आता तिनेच गळ घातली, आजी, तुझं ते ढगाचं लिही. मी वहीत लिहिलं, ती टाइप करतेय, चुका असतील त्या तिच्या. माझी शाळा अर्ध्यात सुटली. पुढचं सगळं मी घरी बसून, हाती येईल तो कागद वाचून शिकले, तेव्हा लिहिणंही बोलण्यासारखंच येणार. आणि वाचताना मी चिडलेली वाटले तर वाटू द्या. आहेच मी चिडलेली. इतकी वर्षं झाली, राग गेला नाही... कुणावर काढायचा तेच ठरत नाही, म्हणून तसाच पडून आहे.

युद्धाचे दिवस होते. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात. मी सोळा वर्षांची, नंदुरबारला मामांकडे राहून मुलींच्या गायनवर्गात शिकत होते. वर्ग चालवायच्या मार्ताबाई, परदेशातून आलेल्या मडम. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे बोलणं अगदी छापील. गावात दुसरीकडे मुलांचा चित्रकलावर्ग होता, त्याचे बडगुजर मास्तर. या दोघांनी मिळून ठरवलं की दोन्ही वर्गांनी एक ऑपेरा करायचा. साधासुधा नाही, अडीचशे वर्षांपूर्वीचा, इटलीकडचा! त्यात बोलणं नाहीच, सगळं गाण्यातच. बाईंकडे त्याची हाताने उतरवलेली वही होती, मराठी शब्द त्यांनी आणि मास्तरांनी बसवले. समुद्रदेव राजकन्येला पळवतो, मोठं भांडण होतं, मग शेवटी आकाशातून ढगात बसून शांतिदेवी उतरते, गाते, सगळ्यांना गप्प करते आणि परत वर जाते. शांतिदेवी मी.

ते गाणं काय होतं म्हणून सांगू! पहिला भाग गायचा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला — पण पुन्हा गाताना तो आपल्या मनाने सजवायचा. बाई म्हणायच्या, "हे तुम्हांला शिकवावे लागत नाही, हे तुमच्या गळ्यात आहेच." खरंच होतं ते. मला तर वाटायचं, इटलीवाल्यांनी आपल्याकडूनच नेलं असणार.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, बागायतदार शेतकरी. मला एका वर्षासाठी पाठवलेलं, वर्ष संपत आलं होतं. मार्ताबाईंचं म्हणणं, आणखी दोन वर्षं ठेवा, ही गायन शिकवणारी बाई होईल. आप्पांनी निरोप पाठवला — मी नाटक बघायला येतो, बघून ठरवतो. म्हणजे माझी पुढची दोन वर्षं, आणि खरं तर पुढचं सगळंच, त्या ढगात बसलेलं होतं.

जागा म्हणून मिळालं काय, तर स्टेशनजवळचं एका शेटजींचं मिरचीचं गोदाम! नंदुरबारात मिरची नसलेली मोठी जागा शोधायची कुठे? शेटजींनी भला माणूस म्हणून नऊ दिवस दिलं, पण भिंतींत, तुळयांत, फटींत बसलेली मिरची जाते थोडीच. पहिल्या तालमीला समुद्रातल्या आठ अप्सरा एका रांगेत उभ्या राहिल्या, तोंडं उघडली आणि आठही जणी शिंकल्या. रोज तेच. मार्ताबाईंचे डोळे लाल, नाक लाल, आणि तरी म्हणतायत, "मुलींनो, समुद्रात शिंकू नये." मी तर वैतागून गेले होते. गुळण्या करून, गूळ चघळून, नाकाला ओला रुमाल लावून आम्ही ते नाटक बसवलं.

चित्रकलेच्या मुलांनी कामं मात्र सुरेख केली. लाकडाचे लांब पिळाचे रूळ करून निळे रंगवले, एका बाजूने फिरवले की लाटा पुढे सरकल्यासारख्या दिसत. आणि ढग... लाकडी बैठक, तिला बांबूच्या कामट्या, वर कापूस. वर तुळईला कप्पी, कप्पीवरून जाड दोर. दोराच्या एका टोकाला ढग आणि त्यात मी, दुसऱ्या टोकाला, पडद्यामागे, बरोबर तेवढ्याच वजनाची मिरचीची दोन पोती. दोन्ही पारडी सारखी असली की ढग नुसत्या हाताच्या इशाऱ्याने खाली-वर होतो. मी शिडीने माळ्यावर जायचं, तिथून ढगात बसायचं, मग खाली खुंटीला अडकवलेला दोर सोडायचा. उंची चांगली दहा हात.

वजन एवढं बरोबर कशाला हवं? दोन तगडी मुलं दोराला लावली असती तर भागलं असतं ना? तेच तर! मुली रंगमंचावर असताना त्यांच्या मागच्या बाजूला मुलांनी काय, मास्तरांनीसुद्धा यायचं नाही, ही मामा-काकांची, सगळ्या गावाची अट. यंत्र मुलांनी करावं, चालवायचं बाईमाणसाने. मुलं बिचारी पलीकडच्या टोकाला, सगळ्या लोकांच्या डोळ्यांसमोर, लाटा फिरवत बसणार. म्हणून दोर आला आमच्या वर्गाचं पाणी भरणाऱ्या गंगूमावशींकडे. सत्तरीच्या, मनगट एवढंसं, घागर उचलायची तर दोनदा खाली ठेवायच्या. पण दोर हातात आल्यापासून ऐट अशी की विचारू नका. "देवीले मी एक बोटवर खाली उतारस," असं पाण्यावरच्या बायकांना सांगायच्या.

दोन दिवस सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी ढग आदळलाच. चौथ्या दिवशी त्याहून जोरात.

गंगूमावशी माझ्यावरच घसरल्या. "वं माय, कालदिन एक बोट लागनं, आज दोन्ही हात लागी ऱ्हायनात. काय खादं तू?"

"मावशी, भाकर खादी. डोंगर नही खादा."

"मंग इतली जड कशी व्हई गयी?"

बडगुजर मास्तरांनी मला गोदामाच्या काट्यावर उभं केलं — सगळ्यांदेखत, मिरचीसारखं! पक्का मण आणि पाच शेर, जेवढी पहिल्या दिवशी तेवढीच. मास्तर कागद घेऊन बसले. "गणित चुकणं शक्य नाही. मी स्वतः तोललंय." तोपर्यंत दोन मुलींनी रडायला सुरुवात केली, की ढगात कुणीतरी बसतंय. मी म्हटलं, बसतंय ना, मी बसतेय!

शेवटी गंगूमावशींनीच पोत्याला नाक लावलं, दाबून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आवं मास्तर, ओली मिरची शे ना ही! रोज वाळी ऱ्हायनी. तुम्हनं वजन उडी चालनं!"

नंदुरबारात जन्म काढलेली आम्ही माणसं, ओली मिरची वाळून केवढीशी होते हे शेंबडं पोरही सांगेल... आणि दोन दिवस भूत शोधत होतो. मास्तरांनी वाळलेल्या मिरचीची दोन पोती नव्याने तोलून, तोंडं शिवून बांधली. त्यानंतर ढग लोण्यासारखा चालला. हे मुद्दाम सांगतेय. उगाच प्रत्येक गोष्टीत अमानवीय काढणाऱ्यांतली मी नव्हे.

नाटक दुपारी चारला. रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा उजेडातच उरकायचं. आप्पा सकाळच्या गाडीने आले, पुढच्या चटईवर, फेटा बांधून, एकदम ताठ. मी माळ्यावरून फटीतून पाहून घेतलं.

माझी पाळी आली. ढगात बसले, दोन्ही दोऱ्या धरल्या, खालून मावशींनी खुंटी काढल्याचा आवाज आला, आणि ढग निघाला. आता तुम्ही विचाराल, काय जाणवलं? गार वारा? वास? कुणाचा हात? काहीही नाही हो! आयुष्यात एकदाच असं काही घडलं आणि मी त्या वेळी माझ्या तानेचा विचार करत होते. एवढंच आठवतं की रोज अर्ध्यावर आलं की मावशींच्या हाताचा एक हिसका बसायचा, माझा श्वास तुटायचा. त्या दिवशी हिसका बसला नाही. पिकलेलं पान उतरावं तशी उतरले. मला वाटलं, वा मावशी, आज जमलं! गाणं झालं, पहिला भाग पुन्हा सजवूनही झाला, कुणी शिंकलं नाही, आणि तसाच ढग मला घेऊन वर गेला. माळ्यावर पाय ठेवला तेव्हा खाली टाळ्या चालू होत्या.

शिडीने उतरून पडद्यामागे आले तर आप्पा तिथे आलेले. बाजूला मार्ताबाई, मास्तर. आप्पांचे डोळे ओले — शपथ घेऊन सांगते, मिरचीने नव्हे. ते बाईंना म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या तिले. दोन वरीस शिकू द्या."

एवढं बोलले. मी त्यांच्या पाया पडायला पुढे झाले. मला जागा द्यायला आप्पा बाजूला सरकले, मागे दोराचं ते पोतं जमिनीला टेकलेलं होतं, त्याला पायाने जरा लोटलं... आणि पोतं घरंगळत गेलं.

शेतकऱ्याचा पाय तो. पोतं कसं सरकतं हे त्याला कळतं. आप्पांनी वाकून ते पोतं एका हाताने उचललं. उशी उचलावी तसं! मग दुसरं उचललं. मग शिवण उसवली. आत देठ. मिरचीचे नुसते वाळलेले देठ, बायका खुडून टाकतात ते, ठासून भरलेले.

झालं असं होतं की शेटजींचा मुकादम नऊ दिवस सुरतेला गेला होता, तो त्याच सकाळी परतला. त्याला या खेळातलं काही माहीत नाही. मालात दोन पोती कमी भरली, शोधता शोधता ती दोराला बांधलेली सापडली. युद्धात रेल्वेची वॅगन मिळायची मारामार, आणि त्या दिवशी मिळालेली. त्याने पोती सोडून गाडीत घातली. पण गडी व्यवस्थित ना! "दोर मोकळा ऱ्हायना तर पडदा पडी जाई, म्हनीसन देठना दोन पोता बांधी दिधात," असं तो अगदी उपकार केल्यासारखा सांगत होता. वॅगन तीन वाजता हलली. नाटक चारला सुरू झालं. त्यामुळे पोती नंतर बदलली असतील असंही म्हणायची सोय नाही.

मास्तर पांढरे पडले. तरी म्हणाले, "शक्य नाही. पुन्हा करून बघू." जात्याच्या तळ्या आणि दगड मिळून माझ्या वजनाएवढा भार त्यांनी माळ्यावरून ढगात ठेवला, पोतं परत शिवलं, बांधलं, आणि मावशींना म्हणाले, सोडा. मावशींनी खुंटी काढली मात्र — धाड! ढगाच्या कामट्यांचा चुरा झाला, देठांची पोती उडून वर पत्र्यावर आपटली, फुटली, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर देठांचा पाऊस. मावशींच्या तळहाताची साल दोराने सोलून निघाली.

मग आप्पा बोलले, आवाज न चढवता. "मन्ही पोर दहा हात वर व्हती. दुसरीकडे हाई भुसकट. मंग तिले कोन धरेल व्हतं?"

गंगूमावशी हात फडक्यात गुंडाळत म्हणाल्या, "मी दोर सोडा, भाऊ. रोज सोडस तसा. मन्हा हातले काहीच लागनं नही."

"मी शिव्या देवाव नही. ज्यानी धरं त्याना पाय धरसू. फक्त नाव सांगा."

मुलं तर लाटा फिरवत होती, आप्पांनी स्वतःच त्यांना सबंध वेळ पाहिलेलं. मार्ताबाई हात जोडून म्हणाल्या, "परमेश्वराने तिला हाती धरले असेल."

"त्यासना पत्ता द्या बाई, मी भेटी येस."

आता ऐका, माझा जीव इथे जळतो. बडगुजर मास्तर नाटकभर मुलांच्या टोकाला पडद्याच्या आडच उभे होते, तिथून दोर चार पावलांवर. ते तिथे होते हे सगळ्यांना माहीत. त्यांनी फक्त "मी धरला होता" म्हणायचं. चार शब्दसुद्धा नाहीत! मी आप्पांच्या मागून हात जोडले, डोळ्यांनी विनवलं, मान हलवून हलवून दुखायला लागली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, नक्की कळलं. आणि म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही, आप्पासाहेब. मी दोराला हात लावला नव्हता."

मग मावशींकडे वळले मी. त्या म्हणाल्या, "मी हो म्हननू अशती पोरी, पन मन्हा हातकडे देखीसन कोन खरं मानी?"

एवढी सगळी खरं बोलणारी माणसं एकाच गोदामात, एकाच दुपारी! एरवी याच मावशी घागर फुटली की मांजरावर ढकलायच्या. हेच मास्तर तपासनीस आले की न शिकवलेले धडे शिकवले म्हणून सांगायचे. मलाच तेवढं सत्य मिळालं.

आप्पा मला म्हणाले, "चाल." बाईंना म्हणाले, "राग नका धरू. पन जठे पोरले धरनारानं नाव कोनले म्हाईत नही, तठे मी पोर ठेवाव नही." उन्हं उतरायच्या आत मामांकडून माझी कपड्यांची पेटी निघाली. वर्षभरात लग्न ठरलं.

नंतर मी स्वस्थ बसले असं समजू नका. लग्नानंतर नंदुरबारला गेले की चौकशी करायची. गोदामात कुणी मेलं होतं का? नाही. पोत्याखाली चेंगरून कुणी हमाल गेला होता का? नाही. देठ खुडणाऱ्या एखाद्या बाईचं काही...? नाही हो! शेटजींचे वडील म्हणाले, आमच्या गोदामात आजवर साधा पाय कुणाचा मुरगळला नाही. म्हणजे बघा, जिथे भूत हवं तिथे नेमकं नाही. माझा एक नातू इंजिनिअर आहे. तो म्हणतो, आजी, घर्षण. म्हटलं, बाळा, घर्षण माझ्यासाठी थांबलं आणि दगडांसाठी सुटीवर गेलं का? आणि घर्षणाने वर कसं नेलं मला? त्यावर तो मोबाईल बघायला लागला.

आप्पा खूप वर्षं जगले. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होते. बोलणं अडखळत होतं, माणसं ओळखत नव्हते, पण एका सकाळी माझा हात धरून स्पष्ट विचारलं, "सिंधू, तो दोर कोन धरेल व्हतं वं?"

इतक्या वर्षांत घरात कुणी तो विषय काढला नव्हता. मला वाटलं, माणूस जातोय, शांतपणे जाऊ दे. मी म्हटलं, "मास्तरांनी धरला होता, आप्पा. मुलींच्या बाजूला आले म्हणून गाव बोलेल, या भीतीने ते नाही म्हणाले."

आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, समाधान झालं. तर बंद डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तवयच सांगतात ना माय," म्हणाले, "तू शिकी लेती." तेव्हाच सांगितलं असतं तर मी शिकले असते, म्हणजे.

मी तो हात धरून बसून राहिले. खोटं बोलले हे सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ते तीन दिवसांनी गेले, मास्तरांनीच धरला होता असं समजून.

आता तुम्ही खाली कॉमेंटमध्ये लिहाल — रक्षणकर्ता होता, पितर होते, देवी स्वतः होती. असेल. मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, आणि कळेल असंही वाटत नाही. पण तो जो कुणी होता त्याला माझं एवढंच विचारणं आहे. भरलेल्या गोदामात सगळ्यांदेखत मला दहा हात खाली आणलंस, वर नेलंस, श्वाससुद्धा तुटू दिला नाहीस. मग माझे आप्पा पुन्हापुन्हा नाव विचारत होते, तेव्हा कुठे गेला होतास रे बाबा?